ब्रेकताईंच्या नावाने गेलेला मेसेज

आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ब्रेकताईंनी शिकवलं. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक असे. शिकणाऱ्याचं लक्ष जरा हललं की तो दाबून त्या ओरडत, "ब्रेक!" त्यावरून हे नाव पडलं. बाई कडक, पण त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस कुठे धडकला, असं कधी कानावर आलं नाही. लोक त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकत. ताईंनाही ते ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

घरात नवरा आणि धाकटा दीर. दीर छापखान्यात कामाला, बोलणं बेताचं. मध्यंतरी त्याला एक मेसेज आला: तुमचं पार्सल अडकलंय, पत्ता अपुरा आहे, इथे दाबा. त्याने दाबलं, विचारलं ते सगळं भरलं, आणि मग बँकेत धावाधाव करून कार्ड बंद करावं लागलं. त्या रविवारी पाहुण्यांसमोर जेवताना ताई म्हणाल्या, "रस्त्यात कुणी घराची किल्ली मागितली तर भाऊजी देतील हो. वर विचारतील, कपाटाची पण देऊ का?"

सगळे पोट धरून हसले. दीर ताटात बघत जेवत राहिला. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. ताईंनी मात्र ठेच बघून टाळ्या पिटल्या.

नंतर एका सकाळी चढावर शिकवणी चालली होती. शिकणाऱ्या मुलीची गाडी बंद पडली, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि तेवढ्यात ताईंच्या फोनवर एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला: "ताई, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर गेलाय. पटकन पाठवता का?" खरंच सहा आकडे आलेले होते. त्याखाली 'हा कोड कुणालाही देऊ नका' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ताईंनी आकडे तेवढे वाचले. एक पाय ब्रेकवर, एक डोळा आरशावर, आणि अंगठ्याने कोड पाठवून दिला.

दुपारी त्यांचं मेसेजचं खातं उघडेना. फोनचीच काहीतरी नाटकं असतील म्हणून त्यांनी तो पर्समध्ये टाकला. संध्याकाळी लोकांचे फोन यायला लागले. ताईंच्या नावाने, ताईंच्या फोटोसकट, साऱ्या विद्यार्थ्यांना तोच निरोप गेला होता: कोड पाठवा. ज्या विद्यार्थ्याने सकाळी कोड मागितला होता, त्याचंही खातं आधीच कुणीतरी लंपास केलेलं होतं.

ताईंची पाचावर धारण बसली. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "अहो, कंपनीचाच काहीतरी घोळ आहे," त्या प्रत्येकाला सांगत सुटल्या. घरी तर चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात सिस्टर आल्या. ऑफिस म्हणजे एकच खोली: भिंतीवर रहदारीच्या खुणांचे तक्ते, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. नवरा गेल्यावर कुणावर अवलंबून राहायचं नाही म्हणून उतारवयात त्या गाडी शिकल्या होत्या, तेही ताईंच्याच हाताखाली.

"ताई, तुम्ही कोड मागितलात, मी लगेच दिला," त्या म्हणाल्या. "बरोबर दिला ना? नाही, माझंच सगळं बंद पडलं, म्हणून विचारते. घाबरून मी ते ॲपच काढून टाकलं. पुन्हा टाकलं, तर आत सगळं कोरं." मग म्हणाल्या, "ह्यांचे निरोप होते त्यात. बाजारातून बोलून पाठवायचे. लिंबं किती आणू, साबण कुठला आणू... मी संध्याकाळी लावून ऐकायचे."

"माझा फोन बिघडला होता, सिस्टर," ताई म्हणाल्या. "सगळीकडेच गडबड चाललीय म्हणे."

"असेल," म्हणून सिस्टर उठल्या. जाताना 'उगीच तुमचा वेळ घेतला' असंही म्हणाल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ताईंना झालं. पुढच्या शिकवणीत त्या एकदाही ओरडल्या नाहीत.

घरी येऊन त्या दिराच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"वहिनी? काय झालं?"

"भाऊजी, मी कोड देऊन बसले. माझ्या नावाने मागून सिस्टरांचंही खातं नेलं, त्यांच्या ह्यांचे निरोपही गेले."

टोमणा येणार म्हणून त्यांनी मान खाली घातली. टोमणा आला नाही. दिराने खुर्ची पुढे ओढली. ताईंनी फोन पुढे केला, तर म्हणाला, "तुमच्याच हातात ठेवा. मी सांगतो तसं करा." खातं परत मिळवायची खटपट त्याने सुरू करून दिली. खातं हाती आलं की आधी स्वतःचा वेगळा पिन लावायचा. आलेला कोड म्हणजे आपल्याच खात्याची किल्ली, सख्ख्या भावाने मागितला तरी द्यायचा नाही. आणि ओळखीचं माणूस घाईने काही मागायला लागलं, तर मेसेजला उत्तर द्यायचंच नाही, सरळ फोन लावून आवाज ऐकायचा.

"आणि सिस्टरांचं काही परत मिळेल?" ताईंनी विचारलं.

"दुसरीकडे साठवून ठेवलं असेल तर. नसेल तर नाही."

"हे सगळं तुम्हाला कधीपासून माहीत?"

"माझं झालं ना, तेव्हा बसून वाचून काढलं. कुणाला विचारायची सोय नव्हती." तो फोनकडेच बघत होता. "घरात सगळ्यांना सांगणार होतो. पण म्हटलं, परत हसतील."

ताईंना एवढंच म्हणता आलं, "मी हसले होते."

"हो," तो म्हणाला.

खातं परत आलं, पण त्याला आठवडा गेला. त्या आठवड्यात ताईंनी एकेका विद्यार्थ्याला फोन लावला. "कंपनीचा घोळ नव्हता. मी कोड दिला, म्हणून माझ्या नावाने तुम्हाला मेसेज आला." काही जण हसले. एक जण म्हणाला, "ताई, तुम्हीसुद्धा?" आणि ते हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. एका बाईंनी मुलीची शिकवणीच बंद केली. ताईंनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही.

सिस्टरांना मात्र फोन केला नाही. त्यांच्या घरी गेल्या. दारातच सांगून टाकलं, कारण आत जाऊन पाणी प्यायल्यावर सांगायचा धीर झाला नसता.

सिस्टर ऐकून घेत उभ्या राहिल्या. "म्हणजे परवा तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो."

"कोडाचं मला एवढं वाटत नाही. मी पण दिलाच की. पण मी रात्रभर स्वतःला मूर्ख म्हणत बसले होते, ताई. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर दोघी मिळून मूर्ख ठरलो असतो."

ताईंनी डोळे पुसले. साठवलेलं कुठे काही सापडतं का, म्हणून दोघींनी फोन पालथा घातला. काही सापडलं नाही. त्या आवाजातलं एक वाक्यही उरलं नव्हतं. सिस्टर बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "तो पिन कसा लावायचा ते तरी दाखवा."

ताईंनी दाखवलं. आकडे टाकायची वेळ आली तशा त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही बघितलंत तर काय होतंय?" सिस्टर म्हणाल्या.

"नको," ताई म्हणाल्या. "मलाही दाखवू नका."