वार्निश न प्यायलेली कॉइल

गिटारचं पिकअप म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. तारांच्या खाली बसणारी एक चपटी पेटी असते. आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की या वेढ्यांत वीज हलते, वायरमधून अॅम्प्लिफायरात जाते आणि भोंग्यातून बाहेर पडते. म्हणजे शेवटी ती एक कॉइल. आणि कॉइल हा तर आमच्या घरचा धंदा होता.

धरणगावात बाजाराच्या रस्त्याला माझ्या वडिलांचं मोटारी बांधायचं दुकान होतं. मोटार म्हणजे विहिरीवरची. व्होल्टेज पडलं की ती जळायची, शेतकरी ती गाडीत घालून आणायचा आणि वडील जळकी तार उपसून नवी भरायचे आणि वेढे घट्ट बसावेत म्हणून वार्निशात बुडवून वाळवायचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, म्हणून घरातही ते आबाच. शेती होती थोडी, पण घर चालायचं ते या तारेवर. त्यांची बोटं वार्निशनं काळी पडलेली असत आणि त्या वासानं त्यांना बारमाही खोकला होता. शर्टाला, जेवणाच्या ताटाला, अंथरुणाला, सगळ्याला तोच वास. मला त्याची लहानपणापासून लाज वाटायची. पुढे वाजवायला शिकलो त्यात हेही एक कारण होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मी लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचो. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. बँडचे मालक वयानं मोठे, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. धुळ्यापासून शिरपूरपर्यंत वराती वाजवल्या. लाल कोट, सोनेरी झालर, पायात स्वतःच्या चपला. आबांना हे ऐकून माहीत होतं आणि ऐकून माहीत असेपर्यंत ते चालवून घेत होते. मग आमच्याच नात्यातल्या एका लग्नात भाऊंनी सुपारी घेतली. वरातीत मी लाल कोटात आणि समोर फेटा बांधलेले आबा. कोणीतरी पाहुणा हसला. आबा वरात अर्धी सोडून घरी निघून गेले. त्या संध्याकाळी त्यांनी मला एवढंच सांगितलं, "आपन वाजंत्री बलावतस. वाजाडाले जातस नही."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसतं बोलायचं बंद. मी समोर बसलेलो असलो तरी आईला विचारायचे, "त्यानं जेवन झायं का?" असे चौदा महिने गेले. माणूस कशालाही सरावतो असं म्हणतात. मी याला सरावलो नाही.

तेव्हा अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी निघायला लागल्या होत्या. आपण एक काढायची, असं भाऊंनी ठरवलं. जळगावात एकानं माडीवर रेकॉर्डिंगची खोली केली होती, तिथे जायचं होतं. माझ्याजवळ पिकअप होतं ते नाण्याएवढ्या पितळी चकतीचं, कॉइल नसलेलं, गिटारला चिकटपट्टीनं लावायचं. वरातीत त्याची चरचर खपून जायची. रेकॉर्डिंगमध्ये खपणार नाही एवढं मलाही कळत होतं. भाऊंनी धुळ्याच्या एका वाजवणाऱ्याकडून दुसरं मागून आणलं. त्यांची परीक्षा एकच. अंगणातल्या कडुलिंबाला भोंगा टांगायचा, मी वाजवायचं आणि त्यांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ओरडून विचारायचं, ऐकू आलं का. पानवाला दर वेळी हो म्हणायचा.

"वरातमा चालनं म्हंजे झायं," भाऊ म्हणाले.

"भाऊ, रेकॉर्डिंगला वरात नसते."

ते धुळ्याचं पिकअप ट्यूबलाइट लावली की घुमायचं. ट्यूब बंद केली तरी थोडं घुमायचंच. मी ते परत पाठवलं. ही सगळी कटकट घरी आईला सांगायचो, कारण ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. आबा पलीकडे पाठ करून जेवत असायचे.

एक दिवस माझी पितळी चकती सापडेना. ती सापडली आबांच्या दुकानात, टेबलावर, उघडलेली. त्यांनी तिची तपासणी करून ती बाजूला टाकली होती आणि बँडमधल्या दुसऱ्या एका वाजवणाऱ्याला बोलावून असली पिकअप कशी दिसतात, आत काय असतं, ते विचारून घेतलं होतं. मला विचारलं नाही. मग जळगावच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्यांनी बारीक तारेचं रीळ मागवलं. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक तळाला, वर सहा लोखंडी खिळे, पिवळ्या कागदाची गुंडाळी आणि हातानं फिरवायचं त्यांचं नेहमीचं यंत्र. मोटारीची तार सुतळीसारखी असते, तिला ओढ द्यावी लागते. ही तार श्वास लागला तरी तुटायची. दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, चष्म्यावर भिंग धरून ते वेढे मोजत. सात हजार. हे सगळं मला आईनं नंतर सांगितलं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला दुकानात बोलावलं. आईकरवी नाही, स्वतः. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, आम्हाला जळगावला चाचणीसाठी जायचं होतं. पिकअप गिटारला चिकटपट्टीनं बसवून त्यांनी ते दुकानातल्या रेडिओ-टेपला जोडलं होतं. मी एक तार छेडली. आवाज आला. गोल, भरलेला, शेवटपर्यंत टिकणारा. आबांनी पिकअपवर नखानं टिचकी मारली. स्पीकरमधून टक् असा आवाज आला. मग वाकून पिकअपजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "आयकू येस का?" ते शब्द स्पीकरमधून डब्यातून बोलल्यासारखे बाहेर आले.

"अजून कच्चं शे," ते म्हणाले. "वेढा ढिल्ला शेतस, म्हनीसन हाई बठ्ठं आयकस. वार्निश पाजनं पडी. मंग दोन दिन बलब खाले. सोमवारले ली जाय." वेढे ढिले म्हणून हे सगळंच ऐकतं; वार्निश पाजून दोन दिवस बल्बखाली वाळवलं की सोमवारी न्यायचं.

चौदा महिन्यांनी ते माझ्याशी बोलले होते आणि मी ऐकत होतो फक्त सोमवार. रविवारी चाचणी, आणि हे सोमवार म्हणतायत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी म्हणालो, "आबा, चाचणीच तर आहे, असंच नेतो. आलो की वार्निश देऊ." त्यांनी नको म्हटलं नाही. चिकटपट्टी काढून वायर गुंडाळून दिली. मी निघालो तेव्हा म्हणाले, "कसं वाजस, ते सांगजो मले."

रविवारी जळगावला गेलो. माडीवरच्या खोलीत भिंतींना गोणपाट आणि गाद्या ठोकलेल्या, खिडक्या बंद, पंखा बंद. रेकॉर्डिंगवाला माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा, पण मुंबईला राहून आलेला आणि हे तो दर दुसऱ्या वाक्याला कळू द्यायचा. सगळ्यांचे आवाज एकेक करून तपासायचे होते. पहिला मी. बाकी माइक बंद, फक्त माझी वायर जोडलेली, टेप चालू. मी थोडं वाजवलं. तो मान डोलवत जवळ आला आणि पिकअपकडे बघून त्यानं नाक मुरडलं. काळ्या वार्निशचा बोटाचा ठसा होता कडेला. खिळ्यांची डोकी कानसून सारखी केलेली दिसत होती.

"हे कुठलं रे?"

यावर माझ्याजवळ उत्तर होतं. साधं, दोन शब्दांचं. पण भाऊ बघत होते, ढोलकीवाला बघत होता आणि त्या माणसाच्या मनगटावर चकचकीत घड्याळ होतं.

मी म्हणालो, "गावातला एक मोटारवाला आहे. म्हातारा. त्याला हौस, दिलं गुंडाळून. फुकट मिळालं म्हणून लावलं."

तो हसला. मीही हसलो. माझं हसणं त्याच्यापेक्षा मोठं होतं.

पुढे आम्ही दोन गाणी चाचणी म्हणून वाजवली. शेवटी तो म्हणाला, "आवाज चांगलाय, पण हे सगळं धरतंय. पुढच्या रविवारी बघू, नाहीतर माझं लाव." सगळं म्हणजे काय धरतंय, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, टिचक्या. निघताना त्यानं चाचणीची कॅसेट हातात दिली, घरी ऐका आणि चुका शोधा म्हणाला.

आमच्याकडे टेप एकच, दुकानातला. मी कॅसेट आईच्या हातात दिली आणि फुशारकीनं म्हणालो, "आबांना ऐकव. त्यांचं पिकअप कसं वाजतं ते कळेल." मला वाटत होतं, आबा पहिल्यांदाच बसून माझं वाजवणं ऐकतील आणि आता सगळं ठीक होईल. त्याच संध्याकाळी बँडबरोबर शिरपूरला गेलो. तीन वराती होत्या.

गुरुवारी परत आलो तो घरी न जाता थेट दुकानात. बाकावर बाहेरगावचा एक शेतकरी जळकी मोटार घेऊन बसला होता. आबा खाली बसून तार उपसत होते. मी आत आलो, तशी त्या माणसानं माझ्याकडे, माझ्या गळ्यातल्या गिटारकडे बघून विचारलं, "यो कोन शे, आबा?"

आबांनी वर पाहिलं नाही. पक्कडीनं तार ओढत म्हणाले, "काही नही. गावना एक गिटारवाला शे."

माझ्या तेव्हाही लक्षात आलं नाही. वाटलं, पुन्हा बोलणं बंद झालं असेल, मी काहीतरी विसरलो असेन. मग टेबलावरचा टेप दिसला. कॅसेट आत होती. तो माणूस मोटार ठेवून गेल्यावर आणि आबा हात धुवायला मागे गेल्यावर मी ती मागे फिरवून लावली. आधी माझं वाजवणं, गोल आणि भरलेलं. मग रेकॉर्डिंगवाल्याचं पुटपुटणं, नीट न कळणारं. मग अगदी जवळून, डब्यातून बोलल्यासारखा, माझा आवाज. एकेक शब्द कळत होता. म्हातारा. फुकट. आणि ते हसणं.

खोलीतले सगळे माइक बंद होते. जे ऐकत होतं ते माझ्या पोटाशी टांगलेलं होतं.

घरी आईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "मी म्हनं, तुमना पोऱ्यानी वाजाडेल शे, आयका. त्यासनी दोनदा आयकं. मंग रातले जेवनात नही." तिनं स्वतः ऐकलं होतं की नाही, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती.

वरातीतून पाठ फिरवून जाणाऱ्या आबांचा मला चौदा महिने राग होता. माझी लाज वाटली म्हणून ते चार पाहुण्यांसमोरून निघून गेले होते. पण मी त्यांचा मुलगा नाही, असं त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ते मी केलं होतं आणि ज्याचं नावही धड माहीत नाही अशा माणसासमोर केलं होतं.

मी दुकानात परत गेलो. "आबा, मी चुकलो," म्हणालो. त्यांनी हात पुढे केला. "ते आन."

मी गिटार दिली. त्यांनी पिकअप काढलं, वार्निशच्या डब्यात सोडलं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत तसंच ठेवलं, मग बाहेर काढून बल्बच्या पेटीत टांगलं. मोटारीला करतात तसंच, एकही पायरी न गाळता. शनिवारी संध्याकाळी ते माझ्या अंथरुणावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सापडलं. मी ते उचलून दुकानात धावलो. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन टेपला जोडलं, नखानं टिचकी मारली. काहीच आवाज आला नाही. "आते पक्कं शे," म्हणाले आणि मोटारीकडे वळले.

रविवारी गाडीत जळगावपर्यंत मी उत्तर घोकत होतो. तो विचारेल, हे कुठलं. मी सांगेन, माझ्या वडिलांनी बांधलंय. मोटारी बांधतात ते, धरणगावला. सात हजार वेढे, डोळ्यांत मोतीबिंदू असताना. भाऊंसमोर सांगेन, सगळ्यांसमोर सांगेन.

त्यानं वायर जोडली. आवाज मोजायच्या काट्याकडे पाहिलं. "हां, आता बरोबर झालं," म्हणाला आणि पुढच्या वाद्याकडे गेला.

मी म्हणालो, "हे पिकअप आहे ना, माझ्या..." त्यानं हात वर केला. टेप चालू झाली होती. ढोलकीवाला मान हलवत मोजू लागला, माइक त्याच्याजवळ, माझ्यापासून लांब. मी मान खाली घालून गिटारपाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणालो, "माझ्या आबांनी बांधलंय."

कॅसेट आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, निघाली, गावात वाजलीही. आबांनी ती ऐकली नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांची नजर पार गेली, दुकान मिटलं, खोकला वाढला आणि ते गेले. शेवटपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलायचे, कोणत्याही ओळखीच्या गिटारवाल्याशी बोलावं तसं.

दोन्ही कॅसेटी माझ्याजवळ आहेत. पहिलीतला माझा शब्दन्‌शब्द अजून स्पष्ट आहे. दुसरीतली ती जागा मी कितीदा तरी आवाज पूर्ण वाढवून ऐकली. तिथे टेपची खरखर आहे, मग ढोलकी सुरू होते.