सोडतीत लागलेली शाळा मी परत केली

माझ्या मुलीला चौथं वर्ष लागायच्या आधीच दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी तिची शाळा ठरवून टाकली होती. सरकारी शाळा इथल्या नागरिकांच्या, आपण खाजगीत जायचं. त्या खाजगी शाळांमध्येही एक अशी होती, की तिचं नाव निघालं की बायका आवाज खाली आणायच्या. नफ्यासाठी न चालवलेली, फी आवाक्यातली, तपासणीत दर वर्षी चांगला शेरा. अर्ज इतके यायचे की के.जी.च्या जागा सोडतीने द्यायच्या. कुणाचा नंबर लागला की बाकीच्या बायका अभिनंदन करायच्या आणि दोन दिवस लिफ्टमध्ये बोलायच्या नाहीत.

आमचा नंबर लागला. नवऱ्याला दुकानात मेसेज आला आणि तो गिऱ्हाईक सोडून मला फोन करत बसला. त्याच्या मोठ्या भावाची बायको, म्हणजे आमच्या भाभी, मिठाईचा डबा घेऊनच आल्या. त्यांची दोन्ही मुलं त्याच शाळेत. पंधरा वर्षं इथे काढलेली बाई, त्यामुळे दुबईतल्या कुठल्याही गोष्टीवर शेवटचा शब्द त्यांचा असतो असं आमच्या घरात मानतात. मी मानत नाही, पण तेव्हा मानला. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो राग भाभींचा नाही, माझाच आहे.

झालं असं की अर्ज भरला त्याच दिवशी भाभींनी बजावलं होतं: नंबर लागला की ‘इंटरॅक्शन’ असतं, टीचर मुलाशी इंग्रजीत बोलते, आतापासून घरात इंग्रजी सुरू कर, मराठी बंद. आम्ही रत्नागिरीच्या खाडीकाठचे. आमच्या गावात मशिदीतले मौलवीसुद्धा बाहेर आले की बांगड्याचा भाव मराठीतच विचारतात. माझं इंग्रजी बँकेचा फॉर्म भरण्यापुरतं आहे. त्यात मुलीला रागावता येत नाही आणि लाड तर मुळीच करता येत नाहीत. तरी मी सुरुवात केली. ‘कम’, ‘ईट’, ‘सिट’, ‘गुड गर्ल’. ती मराठीत काही मागायला लागली की मी मान हलवायची आणि म्हणायची, ‘से इन इंग्लिश.’ पाणी मागितलं तरी तेच. एकदा तर ती पडली, गुडघा फुटला, आणि रडत रडत माझ्याकडे आली तेव्हाही मी तेच म्हणाले. हे लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले खरी.

महिनाभरात ती बोटाने दाखवायला लागली. फ्रिजकडे बोट, चपलांकडे बोट. दिवसभर भुणभुण करणारी पोर मूग गिळून बसली. मी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, इन्शाल्ला एकदम बोलायला लागेल, इंग्रजी आत साठतंय. मला ते पटलं. असं पटवून घ्यायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

इंटरॅक्शनच्या दिवशी भाभी स्वतःच्या गाडीतून घेऊन गेल्या. काउंटरवरच्या बाईने आमचं आडनाव वाचलं आणि मातृभाषेच्या रकान्यात मला न विचारता ‘उर्दू’ टाकलं. मी म्हटलं, मराठी. ती हिंदीत म्हणाली, पण तुम्ही मुस्लिम ना? मी म्हटलं, हो, आणि मराठी. तिच्या यादीत मराठी नव्हतीच, मग तिने ‘इतर’वर टिचकी मारली. भाभींनी मागून माझा दंड दाबला. मी मुलीचा हात धरला आणि पुढे झाले.

आत एक तरुण टीचर होती, बोलायला गोड. तिने चित्रांची कार्डं काढली. सफरचंद, बस, मांजर. मुलगी गप्प. मग तिने माशाचं कार्ड दाखवलं. माझ्या मुलीला मासा ओळखू येत नाही असं होणारच नाही. दर शुक्रवारी तिचा बाप तिला खांद्यावर बसवून मासळी बाजारात नेतो आणि ती सुरमई कुठली, हलवा कुठला ते त्याला सांगते. तिने तोंड उघडलं. शब्द ओठांवर आलेला मला दिसला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बोलू का, हे चालेल का, असं विचारल्यासारखं. आणि तोंड मिटून घेतलं.

टीचरने कागदावर काहीतरी लिहिलं. मग मला सांगितलं की बोलण्यात ‘डिले’ दिसतो, थेरपिस्टला दाखवा. सीट आहे, पण तात्पुरती. घरी फक्त इंग्रजी बोलू असं लिहून द्यायचं, आईवडील दोघांची सही लागेल. तिने फॉर्म पुढे केला, पेनसुद्धा दिलं.

मी म्हटलं, “ती मुकी नाही, मॅडम. मी तिला गप्प केलंय.”

हे मी मराठीतच म्हणाले. टीचरला कळलं नाही, तिने भाभींकडे पाहिलं. भाभींनी इंग्रजीत काहीतरी वेगळंच सांगितलं आणि फॉर्म पर्समध्ये घातला. गुरुवारपर्यंत आणून द्या, असं ठरलं.

त्या चार दिवसांत आमच्या दोन खोल्यांच्या घरात मला जेवढे सल्ले मिळाले तेवढे लग्नाच्या वेळीही मिळाले नव्हते. सगळ्यांचं म्हणणं एकच: सही करून टाक ना, घरात बघायला कोण येतंय? आपल्या लोकांची ही रीतच आहे. हमीपत्र आलं की आधी सही, मग आपलं जे चाललंय ते चालू. भाड्याच्या घरात किती माणसं राहतात त्याची सही, दुकानात सुट्टी देतो त्याची सही. नवरा म्हणाला, मी केलीये माझी, तू तुझी कर आणि घरात मराठीच काय, अरबी बोल. भाभी म्हणाल्या, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. ती म्हण मला ठाऊक होती, तरी त्यांनी अर्थ समजावून सांगितला.

मी सही केली नाही. इतर कसल्याही कागदावर केली असती, मी काही हरिश्चंद्राची अवलाद नाही. पण या कागदावर मी खोटी सही करायची आणि मग रोज सकाळी पोरीला सांगायचं, की घरात बोललेलं शाळेत बोलू नकोस, आई काय बोलते ते टीचरला सांगू नकोस. म्हणजे तिने पुन्हा माझ्या तोंडाकडे बघूनच तोंड उघडायचं. ते एकदा पाहिलं होतं, पुन्हा पाहायचं नव्हतं. नवऱ्याला हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, “दैव देतं आणि कर्म नेतं.” मग तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. त्या घरात तेव्हा न बोलणारी दोन माणसं होती आणि मी एकटीच मराठीत बडबडत होते, भिंतींशी, भांड्यांशी, मुलीशी.

गुरुवारी मी मेट्रोने एकटीच गेले. काउंटरवर तीच बाई. सीट परत करायची म्हटल्यावर तिला वाटलं मी फीची मुदत मागतेय. दोनदा समजावलं. तिने मॅनेजरला बोलावलं, त्याने शेकडो पालक वेटिंगवर असल्याचं सांगितलं. मी म्हटलं, मग त्यांच्यातल्या एकाला आज आनंद होईल. तो म्हणाला, “खलास? फायनल?” मी म्हटलं, खलास.

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. मुलगी गप्पच. रात्री मला वाटायचं, टीचर बरोबर असेल, मीच हट्टाने पोरीचं वाटोळं केलं. मग एका दुपारी मी ओट्यापाशी खाली बसून कोळंबी सोलत होते. ती येऊन बाजूला बसली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “मला दे. तू डोकं नीट काढत नायस.” एवढं मोठं वाक्य. मी तिच्या हातात कोळंबी दिली आणि हुंदके देऊन रडले. कोळंबीचे हात डोळ्यांना लावता येईनात, तर तिने तिच्या फ्रॉकने माझं नाक पुसलं.

शाळा शेवटी मिळाली ती दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या बाजूला. आजूबाजूला कारखाने आणि कामगारांची राहण्याची ठिकाणं, तपासणीत शेरा ‘अॅक्सेप्टेबल’. भाभींनी तो शब्द असा उच्चारला, की जणू मी पोरीला रस्त्यावर सोडतेय. बसने जायला पाऊण तास. तिथे भेटली ती टीचर केरळची, वयाने मोठी. तिने कार्डं काढली नाहीत. मुलीला पेटीभर ठोकळे दिले आणि माझ्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत गप्पा मारत बसली. मुलगी तिथेही एक शब्द बोलली नाही. मी सफाई द्यायला लागले तर बाई म्हणाली, राहू दे, तिला सांगायचं असेल तेव्हा सांगेल, मी इथेच आहे. मातृभाषेचा रकाना रिकामा होता. तिने मला विचारून हाताने ‘मराठी’ लिहिलं.

आता सगळं छान झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पोर बसमध्ये झोपते, मानेला वळ घेऊन घरी येते. शाळेत पोहायचा तलाव नाही, मैदानावर सावली कमी. आणि जिच्या मराठीसाठी मी सगळ्या खानदानाशी वाकडं घेतलं, ती आता मला इंग्रजीत उत्तरं देते. मी विचारते, जेवलीस का? ती म्हणते, ‘यस, मम्मा.’ भाभींना यात फार मजा वाटते. मी म्हणते, देऊ दे. तिला हवं तसं ती बोलेल, मी माझं विचारणं सोडणार नाही. इंग्रजीशी माझं भांडण नव्हतंच कधी.

गेल्या महिन्यात भाभींचा फोन आला. सोडतीतल्या त्या शाळेत पहिलीच्या दोन जागा रिकाम्या झाल्यात, सोडत नाही, कार्यालयात त्यांची ओळख आहे, आज हो म्हण. नवरा चहाचा कप हातात धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. आणि खरं सांगते, माझं मन डळमळलं. तलाव आठवला, सावली आठवली, बसमधली लोंबती मान आठवली. दोन वर्षांत थकायला होतं. फॉर्म आता वेगळा असेल, असंही मनात येऊन गेलं.

मुलगी शाळेसाठी वेणी घालायला माझ्यापुढे बसली होती. मी तिला विचारलं: मोठी शाळा आहे, तुझे चुलत भाऊ आहेत, पोहायला मिळेल, जायचं का? ती इंग्रजीत काहीतरी म्हणेल म्हणून मी थांबले. तिने मान वळवली नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलंही नाही.

“मी नाय जायची,” ती म्हणाली. “तुला आवडते तर तू जा.”