आईची ओवी आणि वस्तीची डीपी

मीडियम वेव्हचा रेडिओ ऐकणं हे बसून करायचं काम नव्हतंच, ती अंगमेहनत होती. आमच्या महाळुंगे पडवळच्या शिवारात, नव्वदीच्या दशकात, बटण दाबलं की आवाज यायचा नाही, नुसती शंका यायची. मग रेडिओ उचलायचा, आधी मंचरच्या दिशेला धरायचा, मग हळूहळू भीमाशंकराकडं वळवायचा, आणि स्टेशन सापडलं की आहे त्या अवस्थेत थिजून जायचं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकदा बाजारभाव ऐकताना इतका वेळ श्वास रोखून धरला, की टोमॅटोचा भाव येईपर्यंत त्यांचाच टोमॅटो झाला होता.

एरियलची तार आम्ही म्हशीच्या शिंगाला बांधायचो. हसू नका. तिच्या शिंगांत असं काही होतं, की ती रवंथ करत बसली की पुण्याचं स्टेशन शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं यायचं, आणि ती चरायला गेली की बातम्याही तिच्याबरोबर ओढ्याला जायच्या. संध्याकाळ झाली की आवाज विहिरीत उतरायचा, पुन्हा पायऱ्या चढून वर यायचा, आणि मध्येच परमुलखातली कुणीतरी बाई तिच्या भाषेत तावातावानं बोलू लागायची. आबा तेही मन लावून ऐकायचे आणि बाहेर येऊन खुशाल सांगायचे, "तिकडं बी कांदा पडलाय."

पण रेडिओचा खरा वैरी होता विहिरीवरची मोटार. आमच्या वस्तीवर माणसं कमी आणि मोटारी जास्त. एक जरी चालू झाली, तरी रेडिओत असा घरघराट व्हायचा की निवेदिकेच्या गळ्यात पिठाची गिरणी बसवलीय असं वाटावं. सगळ्या चालू झाल्या की मग रेडिओ बंद करून पाण्याकडं जायचं, दुसरं काय.

अशा या रेडिओवर माझी आई गायली.

झालं असं, की पुण्याच्या रेडिओवाल्यांना जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. कुणीतरी आमच्या वस्तीचं नाव सुचवलं, आणि आई चार बायकांबरोबर एसटीनं जाऊन गाऊन आली. परत आली ती पांढरीफटक. आबांना वाटलं, एसटी लागली. मला तिनं गोठ्यात बोलावलं. तेव्हा मी कॉलेज संपवून घरी बसलो होतो आणि घरातली सगळी गुपितं सांभाळायला रिकामा होतो.

"घात झाला रं," ती म्हणाली. "ठरवलेल्या सगळ्या वव्या संपल्या. काचंमागची बाई बोट करून म्हणती, अजून एक. त्या खोलीत ना वारा ना उजेड, माझं डोकंच चालंना. तोंडाला आली ती म्हटली."

"कोणती?"

तिनं म्हशीकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि अगदी बारीक आवाजात गायली:

नणंद माझी बाई, जशी मिरची ताटाला
हात लावू जाता तिला, आग लागती बोटाला

मी कपाळाला हात लावला. आईला नणंद एकच, माझी कळंबची आत्या. आत्याचा राग म्हणजे काय सांगू! एकदा तिला जेवायला बोलावणं करायचं राहिलं, तर तिनं चार वर्षं आमच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. नुकताच कुठं समेट होऊन येणंजाणं सुरू झालं होतं. आईला त्या येण्याजाण्याचं मोल फार. तिला सख्खी बहीण नव्हती. भांडायला आणि रडायला एक आत्याच होती.

"काढून टाकतील गं ती ओवी," मी म्हणालो.

"काढतील कशी? ती बाई काचंमागं पोट धरून हसत व्हती."

आईनं मग देवाला एकच मागणं घातलं, की ज्या दुपारी तो कार्यक्रम लागणार होता, त्या दुपारी स्टेशन लागू नये. आणि आबांनी त्याच वेळी विडा उचलला, की त्या दुपारी स्टेशन लागलं नाही तर नाव सांगणार नाही! एका घरात दोन नवस, तेही एकमेकांच्या विरोधातले. देवानं तरी काय करावं?

आबांनी मारुतीच्या देवळाचा अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णा अंगणात आणला. त्याला जोडायला गावच्या सोसायटीच्या चेअरमनचा मोठा लाकडी रेडिओ आणला, जो उचलायला दोन गडी लागायचे. आत्याला निरोप गेला. ती नवं लुगडं नेसून, शेवगाठीचा पुडा घेऊन आदल्या दिवशीच मुक्कामाला आली आणि म्हणाली, "वहिनी, आमच्या घरचे समदे कळंबला रेडिओ लावून बसणार हायेत. मी मुद्दाम इथं आले, तुमच्या शेजारी बसून ऐकायला." आईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसा बोकड सुरीकडं पाहतो.

राहता राहिल्या मोटारी. आबांनी वस्ती गोळा केली आणि सांगितलं, की कार्यक्रमापुरत्या सगळ्यांनी मोटारी बंद ठेवायच्या. सगळे लगेच कबूल झाले, आणि लगेच एकमेकांकडं संशयानं बघू लागले. कारण लाईट पाळीनं यायची, आणि दुसऱ्याची मोटार बंद असताना आपली चालू ठेवली तर पाणी धबाधबा पडतं, हे प्रत्येकाला पाठ होतं.

"मी बंद करतो हो, पर वरच्या आळीवाला करील का?"

"तू आधी तुझ्या मोटारीच्या ऑटो स्टार्टरचं बघ. मागल्या खेपेला दशक्रियेला बसला व्हतास आन् मोटार आपोआप चालू!"

शेवटी आबांनीच तोड काढली. कुणावर विश्वास ठेवायचाच कशाला? शिवाराच्या टोकाला वस्तीची डीपी होती, सगळी लाईट तिथूनच यायची. तिचे फ्यूजच काढायचे. माझ्या चुलत्यानं ते काढायचे, खिशात घालायचे आणि काठी घेऊन डीपीखाली बसायचं. "मी सोडून कुणी बी आलं, बाप आला तरी लावू नको," आबांनी बजावलं. सगळ्या वस्तीनं माना डोलावल्या. कर्णा, अ‍ॅम्प्लिफायर आणि तो दोन गड्यांचा रेडिओ कशावर चालतो, हे त्या सभेत फक्त मला सुचलं होतं. पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, असे माझ्यावर संस्कार.

दुपार झाली. अंगण भरलं. शिवार असं शांत, की कांद्याची पात वाढताना ऐकू यावी. आबांनी हात पुसले, रेडिओला नमस्कार केला आणि बटण फिरवलं.

काही नाही.

पुन्हा फिरवलं. रेडिओला दोन थापट्या मारल्या. मग त्यांनी कर्ण्याकडं पाहिलं, वायरीकडं पाहिलं, वायर जिथं जात होती त्या भिंतीकडं पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "राव, लाईट तर आपनच घालवली." दोन पोरं डीपीकडं पळाली. चुलत्यानं त्यांना काठी दाखवून परत पाठवलं. हुकूम म्हणजे हुकूम. आणि आबा स्वतः पळत जाऊन परत येईपर्यंत कार्यक्रम संपून रेडिओवर दुसऱ्या दिवसाचा सूर्य उगवला असता.

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे म्हातारबाबा खिशातून काडेपेटीएवढा ट्रान्झिस्टर काढत पुढं आले. "ह्यो हाय की! सेल दुबळं हायेत, पर दातानं चावून घेतलेत." त्यांनी तो लावला, आणि काय सांगू, मोटारी बंद असल्यामुळं आवाज आला तो अगदी स्वच्छ. पण लहान. एवढा लहान, की मुंगीनं मुंगीला सांगितलेलं गुपित वाटावं. "...आंबेगाव तालुक्यातील महिला..." एवढं ऐकू आलं आणि सगळं अंगण त्या डबीवर पडलं.

आई उठली. आयुष्यात कधी पुढं न आलेली माझी आई गर्दीत घुसली, म्हातारबाबांच्या हातातून तिनं ट्रान्झिस्टर काढून घेतला आणि पदराआड कानाला गच्च लावला.

"माझं गाणं हाय. मी ऐकते, तुमाला सांगते."

"सांगते काय, म्हण की!" आत्या ओरडली. "वहिनी, गा तिच्यासंगं!"

आणि आई गाऊ लागली. कानात पुण्याची आई, अंगणात आमची आई. एकेक ओवी रेडिओ तिच्या कानात टाकायचा आणि ती मोठ्यानं अंगणात सोडायची. बायका माना डोलवत होत्या, आबा कर्ण्याला टेकून डोळे मिटून बसले होते. ओव्या संपत आल्या आणि आईचा आवाज एकदम अडला. मला कळलं, आली ती! सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि सगळ्यांत जवळून आत्या. आईनं ट्रान्झिस्टर कानावर आणखी दाबला आणि ती गायली:

नणंद माझी बाई, जशी साखर ताटाला
गोड तिची बोली बाई, चव लागती बोटाला

आत्यानं डोळ्यांना पदर लावला तो संध्याकाळपर्यंत काढला नाही. जाताना आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "सगळ्या पुणे जिल्ह्यात माझं नाव केलंत, वहिनी."

आईनं त्या रात्री भाकरीला हात लावला नाही. अंगणातल्यांचं निभावलं होतं, पण कळंबात आत्याचं अख्खं सासर रेडिओ लावून बसलं होतं. सकाळी तिनं मला सायकलीवर पिटाळलं. आत्याचे यजमान दारातच बसले होते. मी इकडचं तिकडचं विचारून हळूच म्हणालो, "काल कार्यक्रम ऐकला का?"

"कसला ऐकतोय!" ते म्हणाले. "काल दुपारी लाईट अशी फुल आली की विचारू नको. जन्मात एवढा दाब न्हाई बघितला. समद्या कळंबनं मोटारी सोडल्या. पाणी झालं ब्येस, पर रेडिओत नुसता घरघराट. एक अक्षर न्हाई कळालं."

आमच्या वस्तीनं सोडलेली लाईट सगळी कळंबला जाऊन मिळाली होती! मी कळंबहून घरापर्यंत सायकलीचं पायडल मारलं की नाही, आठवत नाही. मला वाटतं, ती आनंदानं आपोआपच आली.

आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं, भिंतीला पाठ टेकली आणि असा श्वास सोडला की सुपातला कोंडा उडून गेला. "सुटले गं बाई," ती म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्याली.

ताकाचा पेला खाली ठेवताना ती एकदम थबकली.

"म्हंजी, एक अक्षर बी न्हाई ऐकलं त्यांनी?"

"एकही नाही."

"बाकीच्या वव्या बी न्हाई?" तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एवढी मी पुण्याला जाऊन गायले, आन् त्या मेल्यांना कांद्याचं पाणी सुचलं?"