पहिल्या फेरीला कोण बसतं

रेवदंड्याच्या शाळेनं माझा सत्कार ठरवला तेव्हा माझी छाती फुगली, हे आधीच कबूल करतो. निवृत्त होऊन इथे राहायला आल्यापासून गावाच्या लेखी मी 'बाँबवाले साहेब'. खरं तर अणुबाँबच्या कामात मी केलं होतं ते एक गणित: स्फोटाची लाट धातूच्या गोळ्यातून किती वेळात आरपार जाते. चाचणी यशस्वी झाली, कचेरीत पेढे वाटले, मी दोन खाल्ले.

माझ्या शेजारी होड्या बांधणारा म्हातारा सुतार राहतो. त्याचा मुलगा मालवाहू जहाजावर खलाशी आहे. यंदा तिकडच्या आखातात लढाई पेटली, बाहेर पडायची चिंचोळी समुद्रवाट बंद झाली आणि त्याचं जहाज अडकून पडलं. वाट मोकळी करा म्हणून टीव्हीवर रोज महासत्तेच्या धमक्या चालू. एकदा रंधा मारता मारता सुतारानं विचारलं, "साहेब, त्यांच्याकडं तं ढिगानं बाँब हायत. मंग येवढीशी वाट का न्हाय मोकली व्हत?"

मी म्हणालो, तो बाँब टाकला तर वाट राहणार नाही, माणसं राहणार नाहीत आणि तुमच्या मुलाचं जहाजही राहणार नाही. म्हणून तो नुसता दाखवायचा. समोरचा घाबरलाच नाही, तर केवढाही मोठा देश हात चोळत बसतो.

"आनि कुना येड्यानं टाकलाच तं?"

मी विषय बदलला.

सत्काराच्या आदल्या दिवशी त्याची नवी होडी खाडीत उतरली. त्याच्या घराण्याचा रिवाज असा, की पहिल्या फेरीला बांधणारा सुतार स्वतः होडीत बसतो आणि तळाला पाणी शिरतंय का ते बघतो. सत्तरी ओलांडलेला, गुडघे गेलेला हा माणूस खाडीच्या मुखापर्यंत जाऊन आला. "या वयात कशाला जीव धोक्यात घालता?" मी काठावरून चेष्टा केली.

लुंगी पिळत तो म्हणाला, "लोकांची पोरं बसनार हायत हिच्यात. फली मी ठोकलीय, मंग मी नको बसाया? तुमचा त्यो बाँब वाजला, तवा तुमी कुटं व्हता?"

"मुंबईत. कचेरीत."

तो टोमणा नव्हता. सुतार लगेच चहा प्यायला निघूनही गेला. मला मात्र संताप आला, आधी त्याचा, मग स्वतःचा. मी फक्त गणित केलं, ठरवणारे दुसरे होते, अशी इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो होतो. त्या रात्री ती पटेना, आणि काय बोलायचं ते मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाल अंगावर पडायच्या आत मी माइक मागून घेतला. "माझं गणित बरोबर होतं," मी म्हणालो. "पण त्या लाटेच्या वाटेत कुणाची घरं येतील, हे मी कधी विचारलं नाही. विचारू नको, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या कामातला माझा वाटा मी नाकारत नाही, म्हणूनच ही शाल घेणार नाही."

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. अध्यक्षांनी घसा खाकरून, साहेबांचा विनय बघा, असं म्हणून पाहिलं.

"विनय नाही," मी म्हणालो, "खरं तेच सांगतोय."

कुणी टाळी वाजवली नाही. मग नववीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, तेच गणित पुन्हा करायला सांगितलं तर कराल?"

"नाही."

हा शब्द बोलायची वेळ आली होती तेव्हा मी तिशीत होतो. समोर कचेरीतले माझे वरिष्ठ होते, आणि मी म्हणालो होतो, "गणित उद्या सकाळी टेबलावर ठेवतो."