नववं कलम

"तुमी जरा आत बसा की, आक्का. शेंगदाणे निवडायचे ऱ्हायल्यात."

वहिनी हसून आईला म्हणाल्या. त्यांच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं. वहिनी म्हणजे युनियनचे पुढारी आण्णा, त्यांच्या पत्नी. शाहूपुरीत एका दुकानाच्या वर युनियनचं ऑफिस होतं, एक लांबडी खोली आणि आत एक छोटी. संप मिटला म्हणून तिथं कामगारांच्या बायकांचं हळदीकुंकू ठेवलं होतं. आई पहिल्या रांगेत बसली होती. संप चालला तेवढे दिवस फौंड्रीच्या गेटवरच्या मांडवात भाकरी तिनंच थापली होती. संपाच्या चार महिने आधी त्याच फौंड्रीत वितळलेलं लोखंड अंगावर सांडून माझे वडील गेले. प्रत्येक सभेत आण्णा त्यांचं नाव घ्यायचे आणि आईला माईकशेजारी उभं करायचे.

आई उठली. आत गेली.

शेंगदाणे केव्हाच निवडून झाले होते. सकाळी मीच निवडले होते.

मग तबक माझ्यापुढं आलं. आणि मी कपाळ पुढं केलं. हे आधी लिहायला हवं. वहिनींनी कुंकू लावलं, ओंजळीत साखरफुटाणे घातले, मी वाकून नमस्कारही केला. आतल्या दारात आई निवडलेले दाणे पुन्हा निवडत बसली होती.

तेव्हा मी वीस वर्षांची होते. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. वडिलांच्या हट्टानं मी इंग्रजी शाळेत शिकले, सिस्टरांनी फी माफ केली म्हणून. शाळेत मी कामगाराची पोर. उचगावात आमच्या खोल्यांच्या ओळीत 'कॉन्व्हेंटवाली'. दोन्हीकडं गप्प बसायची सवय लागली. पुढं टायपिंगची परीक्षा दिली. कंपनीला आणि लेबर ऑफिसला द्यायचे कागद इंग्रजीत लागत आणि युनियनमध्ये इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. म्हणून आण्णांनी मला ऑफिसची किल्ली दिली.

मागणीपत्रातलं नववं कलम मला पाठ होतं. मयत कामगाराच्या वारसाला कायम नोकरी. मांडवात ते रोज मोठ्यानं वाचलं जायचं आणि भाकरी थापता थापता आईचा हात थांबायचा. फौंड्रीत साच्यात बसवायचे वाळूचे कोअर बायकाच करायच्या. सगळ्या रोजंदारीवर. आई म्हणायची, "कोअर शॉपात कायम होणारी पयली बाई मी." शिवाय उचगावची खोली कंपनीची होती. नोकरी आईला लागली तर खोली आमची राहणार होती.

हळदीकुंकवानंतर दोन दिवसांनी आण्णांनी कंपनीशी व्हायच्या कराराचा पक्का मराठी मसुदा माझ्यापुढं टाकला. मी तो इंग्रजीत टाईप करत करत नवव्या कलमापर्यंत आले. 'वारसाला' या शब्दाआधी निळ्या शाईनं एक शब्द घुसवला होता. पुरुष.

"आण्णा, हे आधी असं नव्हतं."

"कमिटीनं ठरीवलंय. तुझ्या चुलत्याचं, तात्याचं नाव घालतोय. नोकरी घरातच ऱ्हातीया की."

"पण आई कोअर शॉपमध्ये..."

"पोरी, न्हवरा गेलेली बाई कारखान्यात घातली तर लोक काय म्हनतील? त्यो सामाजिक प्रश्न हाय. आपला लढा आर्थिक. आधी पोट. बाकीचं मागनं बघू."

ते दारापर्यंत गेले आणि मागं वळले. आवाज उतरवून म्हणाले, "आनि खोली कंपनीची हाय, बरं का. तिथं कोन ऱ्हाणार, कोन न्हाय, ते सायेब आमालाच इचारत्यात."

तात्या म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्याच आठवड्यात ते आमच्याकडं येऊ लागले. आधी चहाला. मग जेवायला. मग एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन. वडिलांच्या खुंटीवर तात्यांचा शर्ट आला. मी कपडे वाळत घालत होते तर मागून तात्यांचा आवाज आला, "लई शिकलीस आता. स्थळ बघून ठिवलंय मी." आवाज मायेचा होता.

शाहूपुरीत एक बाई महिला मंडळ चालवायच्या. विधवांनाही कुंकवाचा मान मिळावा यावर त्या चांगलं बोलायच्या. मी धीर करून त्यांच्याकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळल्या, चहा दिला.

"कुंकवाचं मी बोलेन हो तुझ्या त्या वहिनींशी. फार वाईट झालं. पण नोकरी, संप, हे राजकारण झालं बाळ. आमचं मंडळ त्यात पडत नाही."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "कुकवाचं सोड गं. माझ्या वाट्याचं काम काढून घेतलं, ते बघ."

मला ते सोडता येईना. कपाळ मोकळं म्हणून तिला आत बसवलं. आत बसवायची बाई, म्हणून ती वारस नाही. वारस नाही म्हणून खोली तात्यांची. खोली तात्यांची, म्हणून माझं लग्न तात्या लावणार. एकच दोर होता. त्याचं एक टोक धरून आण्णा आर्थिक म्हणत होते, दुसरं धरून बाई सामाजिक म्हणत होत्या. दोर आमच्या गळ्याशी होता.

तो शब्द इंग्रजीत गाळणं अगदी सोपं होतं. कुणाला कळलं नसतं. मी गाळला. कागद मशीनमधून काढून वाचला. मनासारखा झाला होता. आणि मग माझीच मला भीती वाटली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या सह्यांच्या वर मी मला हवं ते घालत होते. आण्णांनी आईच्या पाठीमागं हेच केलं होतं. कागद तसाच ठेवला, पण सह्यांआधी हे सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं.

रविवारी कमिटी सह्यांना बसली. सगळे पुरुष. मी भिंतीला टेकून उभी होते. पेन पहिल्याच्या हातात गेलं तेव्हा मी बोलले.

"नवव्या कलमात पुरुष हा शब्द मी घातलेला नाही. घालणारही नाही. आधी कोअर शॉपच्या बायकांना हे वाचून दाखवा."

"आयला! कॉन्व्हेंट बोलाय लागली की!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आण्णा हसले नाहीत.

"टाईप कर. न्हायतर किल्ली ठेव आनि जा. पन जाताना खोलीचा इचार करून जा."

मी किल्ली टेबलावर ठेवली. जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या टायपिस्टकडून त्यांनी तो शब्द घालून घेतला. महिन्याभरात नोकरी तात्यांना लागली. खोली त्यांच्या नावावर झाली. "रितीनं ऱ्हायलीसा तर ऱ्हावा," ते आईला म्हणाले.

मी मराठीत नवा कागद लिहिला, मोठ्या अक्षरात. कोअर शॉपच्या बायका कायम व्हाव्यात. वारस म्हणजे बायको आणि मुलगीही. आणि युनियनच्या कुठल्याही कार्यक्रमात कुठल्याही बाईला आत बसवू नये. सुट्टीचा भोंगा झाला तेव्हा आई आणि मी गेटसमोर उभ्या होतो. सात-आठ बायका थांबल्या.

"कुनाच्या पार्टीच्या तुमी?" एकीनं विचारलं.

"अजून कुणाच्याच नाही."

"मग कायम व्हायचं तेवढं ऱ्हाऊंद्या की. हे आत बसायचं कशाला घातलंय? बापय माणसं चिडत्यात."

"मावशी, यातलं एक जरी मागनं बघू म्हटलं, तर बाकीचंही मिळत नाही. तिन्ही मागण्या असतील तरच अंगठा द्या. नसला द्यायचा तर देऊ नका. पण मी काही खोडणार नाही."

तिनं कागदावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "पुन्यांदा वाच. पयल्यापासनं."

रस्त्याच्या पलीकडं तात्या दोघांना घेऊन उभे होते. मी वाचायला लागले तसे ते तिघं रस्ता ओलांडू लागले. आईनं पदर खोचला आणि माझ्या पुढं येऊन उभी राहिली. मी आवाज वाढवला. दुसऱ्या मागणीवर आले, वारस म्हणजे बायको आणि मुलगीही.