डोळ्यांच्या पडद्याची चिठ्ठी

“ताई, तो डोळे छापलेला कपडा काढा. सात ट्रकच्या केबिनचे पडदे शिवायचे आहेत,” म्हणत ट्रकमालक गजाननभाऊ दुकानात शिरले. एवढी मोठी ऑर्डर! मी स्टुलावर चढून तागा काढलासुद्धा.

“आता गाडीले कोणाची नजर नाही लागत,” ते म्हणाले. मी स्टुलावरच थांबले.

मलकापुरात हायवेजवळ आफ्रिकन प्रिंटचं दुकान काढून मला दोन महिने झाले होते. या कापडाला वॅक्स प्रिंट म्हणतात. जाड सुती कापड, मोठाली चित्रं, आणि रंग दोन्ही बाजूंनी सारखा. उलटसुलट भानगडच नाही. याचे शर्ट आणि कुर्ते अख्खा जिल्हा घालेल, अशी माझी खात्री होती. जिल्ह्याची नव्हती. बायका हात फिरवून “चादर चांगली आहे” म्हणायच्या आणि निघून जायच्या. माझ्या सख्ख्या मावशीनं कुर्ता घेतला आणि मेहकरला नेऊन टीव्हीवर पांघरला. जागामालक तर एका मोबाइल कव्हरवाल्याला दुकान दाखवून गेला होता. मी आत बसलेली असताना.

म्हणजे ही ऑर्डर गेली की दुकान गेलं. पण माझे बाबा अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटायचे. मी अक्षरं जोडून वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर.

“भाऊ, नजर नावाची गोष्टच नसते. त्या कारणासाठी मी कापड विकणार नाही.”

गजाननभाऊंनी कोपऱ्यात मशीनवर बसलेल्या आमच्या टेलरकडे, रऊफचाचांकडे पाहिलं. “चाचा, हे पोरगी कपडा विकून राह्यली का भाषण देऊन राह्यली?”

“दोन्ही. भाषण फ्री आहे,” चाचा मशीन चालवतच म्हणाले.

“दुकान काऊन चालत नाही, समजलं मले.”

चाचांनी मशीन थांबवलं. “बेटी, हा कपडा ऊन अडवते का नाही?”

“अडवतो.”

“आतून-बाहेरून सारखा दिसते का नाही?”

“दिसतो.”

“मंग तेवढं सांगून विक. त्याच्या डोक्यातलं सामान त्याचं. आपण पडद्याचं माप घ्यायचं, डोक्याचं नाही.”

मी अर्धी हरले. उरलेल्या अर्ध्यासाठी अट घातली. प्रत्येक पडद्याच्या आत एक छापील कापडी चिठ्ठी शिवली जाईल: ‘हे कापड ऊन अडवते. नजर, भूत, करणी यांतले काहीही अडवत नाही. गाडी सावकाश चालवा.’

“शिवा, काय शिवायचं ते शिवा,” गजाननभाऊ म्हणाले. “सोमवारी गाड्या लोड होऊन राह्यल्या.”

सोमवारी सातही ट्रक केबिनमधून डोळे वटारत निघाले. पडद्यांच्या पैशांतून भाडं गेलं, तसं जागामालकाचं येणं बंद झालं. चिठ्ठी वाचून माणूस विचार करू लागला की दुकानही चालतं, असं मी चाचांना दोनदा ऐकवलं.

पंधरा दिवसांनी एक अनोळखी ड्रायव्हर आला. त्यालाही डोळ्यांचेच पडदे हवे होते, दोन. आमच्याकडे दोन तयार होते, फक्त चिठ्ठी लावायची राहिली होती. त्यानं ते उलटेपालटे केले, शिवण चाचपली.

“याच्यात चिठ्ठी नाही?”

मला भरून आलं. “तुम्हाला चिठ्ठी हवी?”

“हाव. चिठ्ठीवालाच पाह्यजे. गजाननभाऊच्या गाड्या पंक्चरसुद्धा नाही झाल्या. बिनचिठ्ठीचा काय कामाचा?”

“तुम्ही वाचली का ती?”

“ते वाचाची नसते ना ताई. आत शिवेल असते.”

चाचा मशीनवर वाकून हसत होते. मी चिठ्ठी घेतली, काउंटरबाहेर आले आणि ठरवलं, आजपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायची. ‘हे कापड ऊन अडवते’ म्हटलं तेव्हा त्यानं चपला काढल्या. ‘नजर, भूत, करणी’ला हात जोडले. ‘सावकाश चालवा’ला डोळे मिटले.

वाचून संपलं. मी विचारलं, “समजलं?”

“हाव ताई. आता अजून एक डाव म्हणा. पडदे दोन आहेत.”

दुकान चालू आहे. पत्रकं लिहिणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: प्रती संपल्या म्हणजे मुद्दा पटला, असं समजू नये. माझ्या चिठ्ठ्या तिसऱ्यांदा छापायला गेल्या आहेत.