आठ वॅटचा आवाज

कोणी मला विचारलं, की आठ वॅटचा अँप्लिफायर कार्यक्रमाला पुरतो का, तर मी उलट विचारतो, कोणाला पुरायला हवा? हा प्रश्न मी तेव्हाच विचारला असता तर बरं झालं असतं. तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो आणि पुरतो की नाही एवढीच मला चिंता होती.

धुळ्याला कॉलेजात असताना मी आडवी गिटार शिकलो. मांडीवर ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवायची, ती गिटार. पदवी घेऊन कळसाडीला, आमच्या गावी, परतलो तेव्हा वडिलांनी पदवीकडे एकदा आणि गिटारीकडे दोनदा पाहिलं, आणि ऊस बांधायला कधी येतोस म्हणून विचारलं. मी शेतात जात होतो, पण मन नंदुरबारच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात असायचं. त्याच्या मदतीने मी अँप्लिफायर बांधला. जुन्या रेडिओत असतात तशा काचेच्या लहान व्हॉल्व्हचा, आठ वॅटचा. गावात वीज नव्हती, म्हणून मोटारीच्या बॅटरीवर चालणारा. बटण दाबलं की लगेच आवाज येत नसे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे. आत हळूहळू लाल उजेड दिसू लागे आणि माणसं गप्प उभी राहून त्याकडे बघत. माझ्या वाजवण्यापेक्षा लोकांना तेच जास्त आवडायचं, हे मला कळत होतं आणि रागही यायचा.

घराच्या ओट्यावर तो छान वाजला. मारुतीच्या पारावर वाजवायला बसलो, तर पलीकडच्या गल्लीत ढोल सुरू झाला आणि माझी गिटार फक्त मला ऐकू येऊ लागली. एका म्हाताऱ्याने जवळ येऊन सहानुभूतीने विचारलं, की मशीन बिघडलं का. मी तो खोका सायकलला बांधून थेट नंदुरबारला नेला. दुकानदार म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, लाकडी पेटीतला स्पीकर काढ आणि भोंगा लाव.

भोंगा लावला आणि तेच आठ वॅट गोमाई नदीच्या काठापर्यंत जाऊ लागले. पण गिटार त्यातून नाकात बोलल्यासारखी यायची. खालचे सूर तर येतच नसत. माणूस बोलला की मात्र शब्द न् शब्द सुटा ऐकू यायचा. एवढा खटाटोप करून मी गिटारीसाठी मशीन बांधलं आणि त्याला आवडला माणसांचा आवाज. मला ते मुळीच पटलं नाही.

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. मुलगा धानोऱ्याचा, घर चांगलं. सासरा नव्हता, सगळा कारभार सासूच्या हाती, म्हणजे याहीनच्या. विहिणीला आमच्याकडे याहीन म्हणतात. लग्नात मी वाजवणार हे मीच ठरवलं होतं, कोणी मला सांगितलं नव्हतं. मांडवाच्या पुढच्या खांबावर भोंगा बांधला, तोंड जानवशाकडे, म्हणजे वऱ्हाड उतरलं होतं त्या बाजूला. पण सनईवाले आणि ढोलवाले काही माझ्यासाठी थांबणारे नव्हते. मी दोन चाली वाजवल्या. समोरची माणसं पाणी प्यायला म्हणून उठली ती परत आलीच नाहीत. तोंड पाडून मी मशीनजवळ बसून राहिलो.

मग बायकांची पंगत बसली आणि गाणी सुरू झाली. ही गाणी आमच्याकडे लग्नाचा खरा गाभा. नवरीकडच्या बायकांनी याहीनला चिडवायचं, नवऱ्याकडच्यांनी त्याला गाण्यातच उत्तर द्यायचं, की यांनी पुन्हा वर कडी करायची. एका बाजूचं कडवं संपलं की थांबायचं, समोरून उत्तर येऊ द्यायचं. उत्तर आलं नाही तर ती बाजू हरली. त्या गाण्यांत काय वाटेल ते बोलून घेतात, कारण मांडवातलं मांडवातच राहतं. पुरुष तेव्हा बाहेर सरकतात, बैल सोडायला नाहीतर पान खायला. त्यांना ऐकू येत नाही असं नाही, पण ते ऐकलेलं नसतं.

आमच्या बाजूने माझी आत्या गायची. आम्ही तिला फुई म्हणायचो. लहानपणीच नवरा गेलेला, आमच्याच घरी राहिलेली. पंचक्रोशीत कुठेही लग्न असलं की तिला बोलावणं यायचं. घरात ती फारशी बोलत नसे, सगळं गाण्यात बोलायची.

तिच्यापुढे मी माइक नेला. खरं सांगतो, तिच्या कौतुकासाठी नाही. माझं मशीन दिवसभर कोणी ऐकलं नव्हतं, ते ऐकावं म्हणून. तिने पदर तोंडाला लावला, मान हलवली, हे कशाला म्हणाली. पोरींनी तिला आग्रह केला आणि मी माइक तिच्या हनुवटीशी धरला. तिने सुरुवात केली :

याहीनबाई जेवाले बसनी,
मांडा पदरमा बांधी उठनी.

याहीन जेवायला बसली आणि पुरणाचे मांडे पदरात बांधून उठली, एवढंच. असली गाणी दर लग्नात होतात, याहून तिखट होतात. पण ते भोंग्यातून निघालं ते जानवशावर, बैलगाड्यांवर, पारावर, सगळीकडे पसरलं. बाहेर गेलेल्या पुरुषांना आता न ऐकण्याची सोयच राहिली नाही. कोणीतरी मोठ्याने हसलं. मला त्या हसण्याने भरून आलं. शेवटी माझा आवाज पोचला होता.

कडवं संपलं. फुई रिवाजाप्रमाणे थांबली. आणि ती शांतता मला मोकळी जागा वाटली. गाण्याच्या मध्ये वाजवायला वादकाला जागा लागते, तशी. मी गिटारीची वायर मशीनमध्ये खोचली, आवाज होता तेवढा वर नेला आणि कांडी तारांवर फिरवली.

पलीकडे याहीन उठून उभी राहिलेली मला दिसली. तिचं तोंड हलत होतं, हात पुढे होता. मला वाटलं, बाई चिडली, शिव्या देते आहे. मी आणखी जोरात वाजवलं, म्हणजे त्या शिव्या कोणाला ऐकू जायला नकोत. त्यात मला मी मोठा शहाणा वाटलो. माझं संपल्यावर ती खाली बसलेली होती. समोरून उत्तर आलं नाही असं समजून फुईने दुसरं कडवं म्हटलं, आणि आमच्या पोरी जिंकलो जिंकलो करू लागल्या.

निरोपाच्या वेळी याहीन कोणाशी बोलली नाही. नवऱ्याच्या चुलत्याने वडिलांना एवढंच सांगितलं, की घरातली गाणी गावाला ऐकवायची पद्धत आमच्यात नाही. वडिलांनी मान खाली घातली. माझ्या वडिलांनी मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

पुढे उडत उडत कानावर येत गेलं. धानोऱ्याला पोरं ते कडवं म्हणत याहीनच्या दारावरून जातात. कळसाडीच्या मांडवात ती भर पंगतीत शिव्या देत उठली, असं लोक सांगतात. दिवाळीला बहिणीला पाठवलं नाही. कापूस वेचणी आहे असा निरोप आला. आमच्या घरात तो निरोप कोणालाच खरा वाटला नाही. फुई तर त्यानंतर कुठल्याच लग्नात गायला गेली नाही. बोलावणं आलं की घसा बसलाय म्हणायची. सबंध वर्ष मी ती बसलेल्या घशाची सबब ऐकली आणि अँप्लिफायरवर गोणपाट टाकून ठेवलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे लेकीबाळींचा सण हाच. लिंबाला झोके बांधतात, सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला लेक आली नाही तर गावात सगळ्यांना कळतं की तिचं सासरी काय चाललंय. मी वडिलांना म्हटलं, चुलतभावाला पाठवा, मला बघून याहीनबाई नाही म्हणतील. वडील म्हणाले, तूच जाशील, आणि मोकळ्या हाताने आलास तर आईला तूच सांगशील.

एसटीने नंदुरबारला आणि तिथून बैलगाडीने धानोऱ्याला जाईपर्यंत मी माफीचं भाषण तयार केलं होतं. त्या अपमान करतील, मी खाली बघून ऐकून घेईन, मग त्या मोकळ्या होतील, असा माझा हिशेब. बहीण पाणी घेऊन आली, माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, आणि आत गेली. तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

याहीनने मला जेवायला वाढलं. स्वतः समोर बसली, वारा घालत. आमरस पुन्हा वाढला. मी भाषण सुरू करणार, तेवढ्यात तिनेच विचारलं,

"भाऊ, तुन्हं मशीन कितलं मोठं व्हतं?"

मी म्हटलं, लहानच आहे मावशी, आठ वॅटचं. कार्यक्रमाला पुरतसुद्धा नाही. माफीच्या सुरात मी हे म्हणालो, जणू मशीन लहान असलं तर गुन्हाही लहान होतो.

तिने पंखा थांबवला.

"मी बी गानं म्हनं व्हतं," ती म्हणाली. "तुन्ही फुईले जवाब दिधा व्हता मी. उभी ऱ्हाईसन म्हनं. कोनीच आयकं नही."

तिचं हलणारं तोंड, पुढे केलेला हात, सगळं मला आठवलं, आणि मी ते कसं वाचलं होतं तेही. ती चिडलेली नव्हतीच. ती खेळात उतरली होती. फुईसारखीच ती तिच्या बाजूची गाणारी होती, आणि मी तिचं उत्तर माझ्या गिटारीखाली दाबून टाकलं होतं. गावाने तिच्या तोंडी घातलेल्या शिव्या पहिल्यांदा माझ्याच डोक्यात आल्या होत्या. मी तयार केलेल्या माफीत यातलं काहीच नव्हतं.

मी म्हटलं, मावशी, ते कडवं मला सांगा. मी पाठ करतो, घरी जाऊन फुईला म्हणून दाखवतो, सगळ्या बायकांसमोर. मला खरोखरच वाटत होतं की एवढं केलं की फिटेल.

ती थोडी हसली. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"गानं मांडवमाच ऱ्हास," ती म्हणाली. "मांडव उतरी गया, भाऊ."

मग ती उठली आणि आत असलेल्या बहिणीला हाक मारून म्हणाली, ऊन उतरायच्या आत निघा, नाहीतर नंदुरबारहून सुटणारी एसटी चुकेल. बहीण बाहेर आली ती नवं लुगडं नेसून. माझ्या येण्याआधीपासूनच तिचं गाठोडं दाराआड बांधून ठेवलेलं होतं.